देव सर्वशक्तिमान आहे, एवढ्यावर पुनरुत्थान उभं राहतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: ख्रिस्ती मित्राशी येशूच्या पुनरुत्थानावर, म्हणजे क्रूसावर मेल्यानंतर तो पुन्हा उठला यावर, बोलणं निघालं की तो शेवटी 'देवाला काय अशक्य आहे?' म्हणतो आणि वाद तिथंच संपतो. ख्रिस्ती विचारात याच्यापलीकडे काही आहे का? आणि ज्यांचे देह जाळले गेले किंवा जनावरांनी खाल्ले, ते कसे उठणार?

मित्राचं उत्तर चूक नाही, अर्धं आहे. देवाला सगळं शक्य आहे असं धरलं तरी त्यातून 'असं होऊ शकतं' एवढंच निघतं, 'असं झालं' हे निघत नाही. सर्वशक्तिमान देव सिंहगड उचलून अरबी समुद्रात ठेवू शकेल, पण म्हणून कुणी गड शोधायला होडी काढत नाही. मी मराठी प्रॉटेस्टंट घरात वाढलो, पुढे तत्त्वज्ञान शिकलो. आमच्याकडच्या बऱ्या विचारवंतांचं या एका वाक्यावर कधीच भागलं नाही, असं माझं वाचन सांगतं. ते वाक्य उपदेशात जितकं ऐकू येतं तितकं ग्रंथांत सापडत नाही.

तुमचा आक्षेप जुना आहे. इसवी सन १७८च्या सुमारास केल्सस नावाच्या ग्रीक विद्वानाने तो घेतला होता, आणि चांगलाच फटकळपणे. त्याचं मूळ पुस्तक हरवलं. सुमारे सत्तर वर्षांनी ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने त्याला सविस्तर उत्तर लिहिलं, त्यात उतारेच्या उतारे दिले, म्हणून ते आज आपल्याला वाचायला मिळतं. केल्सस म्हणतो, देह पुन्हा उठेल ही आशा किड्यांना शोभते. कुजलेल्या शरीरात परत जावं असं कुठल्या आत्म्याला वाटेल? आणि या लोकांना उत्तर सुचेनासं झालं की ते 'देवाला सगळं शक्य आहे' या वाक्याआड लपतात.

ओरिजेन यावर 'हो, आहेच शक्य' असं ठणकावून सांगेल अशी आपली अपेक्षा असते. तो तसं करत नाही, उलट केल्ससचं थोडं मान्यच करतो. देव लाजिरवाणं काही करू शकत नाही, कारण केलं तर तो देव उरणार नाही. आणि 'सगळं शक्य' म्हणताना ज्याची कल्पनासुद्धा करता येत नाही ते त्यात धरायचं नसतं. मग तो म्हणतो, कुजलेलं मांस जसंच्या तसं परत येतं असं आम्ही म्हणतच नाही. इथं तो पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या गव्हाच्या दाण्याकडे वळतो. करिंथ इथल्या मंडळीला पौलाने इसवी सन ५४-५५च्या सुमारास पत्र लिहिलं. त्याच्या पंधराव्या अध्यायात कुणीतरी विचारतो, 'मेलेले कसे उठतात? कोणत्या शरीराने येतात?' पौल त्याला सरळ मूर्ख म्हणतो आणि सांगतो, तू पेरतोस तो नुसता दाणा, उगवणारं रोप तू पेरत नाहीस. दाणा आणि रोप यांत सातत्य आहे, पण सारखेपणा नाही. आमच्याकडे दफनविधीला हाच अध्याय वाचतात, त्यामुळे अर्थ कळायच्या कितीतरी आधी तो कानांवरून गेलेला असतो.

आता मुळाशी जाऊ. मेलेली माणसं देहासकट उठतील ही कल्पना 'देव किती बलवान आहे बघा' या कौतुकातून आलेली नाही. ती ज्यू लोकांच्या एका फार कडवट प्रश्नातून ठसठशीत झाली. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात राजा चौथा अँटायोकस ज्यूंना त्यांचं नियमशास्त्र मोडायला भाग पाडत होता आणि न मोडणाऱ्यांना हालहाल करून मारत होता. जो नियम पाळतो तो तरुणपणी मरतो आणि जो मोडतो तो म्हातारा होऊन मरतो, मग देवाच्या न्यायाचं काय? या छळाची हकीकत सांगणाऱ्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात सात भाऊ आणि त्यांची आई यांची गोष्ट आहे. तिसऱ्या भावाला पुढे आणतात तेव्हा तो आपण होऊन जीभ बाहेर काढतो, दोन्ही हात पुढे करतो आणि म्हणतो, हे मला स्वर्गातून मिळाले, आणि त्याच्याकडूनच परत मिळतील अशी आशा आहे. आई मुलांना सांगते, तुम्ही माझ्या पोटात कसे घडलात हे मलाही ठाऊक नाही, ज्याने तुम्हाला घडवलं तो तुम्हाला पुन्हा जीव देईल.

इथं सामर्थ्याचा मुद्दा आहे, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिला मुद्दा हा की ज्याने आपल्यासाठी जीव देणाऱ्यांना वाऱ्यावर सोडलं तो देव कसला? येशूचं सदूकी लोकांना दिलेलं उत्तरही याच जातीचं आहे. सदूकी हा ज्यूंमधला एक पंथ, ते पुनरुत्थान मानत नसत. त्यांनी येशूला एक कोडं घातलं: एकामागून एक सात भावांशी लग्न झालेली बाई पुनरुत्थानात कुणाची बायको? मार्कच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या एका चरित्राच्या, बाराव्या अध्यायात येशू म्हणतो, तुम्हाला शास्त्रही कळत नाही आणि देवाचं सामर्थ्यही. आणि पुढे पुरावा म्हणून एखादा चमत्कार दाखवत नाही, तर देवाने मोशेला जळत्या झुडपातून सांगितलेली ओळख सांगतो: मी अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा देव आहे. म्हणजे ज्यांच्याशी नातं जोडलं त्यांना तो मेलेलं राहू देणार नाही. तुमच्या मित्राचं वाक्य बायबलमध्ये आहेच, पण तिथं त्याच्या शेजारी वचन आणि नातं उभं असतं. ती जोड काढून टाकली की उरते ती नुसती ताकद, आणि ताकद काहीही करू शकते म्हणूनच तिच्यावरून काही सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट, हा चमत्कार कुठल्या प्रकारचा? मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लगेच कच येतो. दैत्यांनी त्याला जाळला, राख मद्यात मिसळली आणि ती शुक्राचार्यांनाच पाजली. संजीवनी विद्येने तो गुरूचं पोट फाडून बाहेर आला आणि मग त्याने, विद्या मिळालेली होतीच, तिच्या जोरावर गुरूला उठवलं. गोष्ट अफाट आहे. पण संजीवनी ही विद्या आहे. ज्याला मंत्र येतो त्याला ती चालते, आणि उठलेला माणूस आपल्या जुन्याच आयुष्यात परततो. या मापाने पाहिलं तर शुभवर्तमानांतला लाजर कचाच्या जवळचा आहे. चार दिवस कबरेत होता, बहीण मार्था म्हणाली की आता दुर्गंधी येत असेल. तो हातपाय बांधलेला, तोंडाला फडकं गुंडाळलेला असा बाहेर आला आणि येशूने 'ह्याला मोकळा करा' असं सांगितलं. लाजर पुढे पुन्हा मेला असंच सगळी ख्रिस्ती परंपरा मानते. येशूबद्दलचा दावा वेगळा आहे: तो परत आला नाही, पुढे गेला. पौल रोमकरांना लिहितो की त्याच्यावर मरणाची सत्ता आता चालत नाही. म्हणून पौल त्याला 'प्रथमफळ' म्हणतो, पुढे येणाऱ्या पिकाची पहिली कणसं. हा निसर्गाच्या नियमातला एक सुटा अपवाद नसून नव्या निर्मितीची सुरुवात आहे, असा तो दावा. पटो न पटो, दावा नेमका काय आहे ते आधी नीट मांडायला हवं.

शुभवर्तमानांत या घटनेचं वर्णन किती आखडतं घेतलंय ते पाहा. येशू कबरेतून उठतानाचा क्षण चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. बायका पहाटे जातात तेव्हा कबर आधीच रिकामी असते. ज्याला तो क्षण रंगवायचा मोह आवरला नाही असा एक ग्रंथ आहे, येशूचा शिष्य पेत्र याच्या नावावरचा; त्याचा तुकडा १८८६-८७च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये अखमीम इथल्या एका कबरीत सापडला. त्यात दोन जण येशूला आधार देत बाहेर आणतात, त्यांची डोकी आभाळाला टेकतात, येशूचं त्याहून वर जातं, आणि मागून क्रूस चालत येतो. तो क्रूस बोलतोसुद्धा! चर्चने हा ग्रंथ नव्या करारात घेतला नाही. सामर्थ्याचं प्रदर्शनच करायचं होतं तर ही आवृत्ती जास्त उपयोगी पडली असती.

केल्ससचा आणखी एक टोमणा मला फार मार्मिक वाटतो. येशूला खरंच दैवी शक्ती दाखवायची होती तर ज्यांनी त्याचा छळ केला, ज्याने शिक्षा सुनावली, त्यांच्यासमोर तो का आला नाही? शिक्षा सुनावणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताच्या वाड्यात जाऊन उभं राहायला काय हरकत होती? प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र उघडपणे मान्य करतो की तो सगळ्यांना दिसला नाही, निवडलेल्या साक्षीदारांनाच दिसला. संशयी माणसाला हे सोयीचं वाटणार, आणि वाटावंच. पण शुभवर्तमानांत येशू चमत्कार करून लोकांची तोंडं बंद करणं आधीपासूनच टाळतो: मंदिराच्या शिखरावरून उडी मारायला नकार देतो, 'क्रूसावरून खाली उतर म्हणजे आम्ही विश्वास ठेवू' म्हणणाऱ्यांना उत्तरही देत नाही. उठल्यावरही तो शिष्यांसमोर येतो तो जखमांसकट. लूकमध्ये भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. थोमाला हाताचे व्रण दाखवतो.

ते व्रण का राहिले यावर मध्ययुगात बरीच चर्चा झाली. अकराव्या शतकात पीटर डेमियन या धर्मपंडिताने देवाच्या सर्वशक्तिमत्तेवर एक पत्ररूप ग्रंथ लिहिला आणि झालेली गोष्ट देव न झालेली करू शकतो का, या प्रश्नाशी तो झटापट करत राहिला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या थोर धर्मपंडिताने निकाल दिला: नाही. भूतकाळ पुसणं हा आंतर्विरोध आहे, आणि आंतर्विरोध करता न येणं ही दुबळेपणाची खूण नव्हे. आता हे व्रणांशी जोडून पाहा. पुनरुत्थानात मरण झालंच नाही असं होत नाही. मरण झालेलं राहतं, क्रूस झालेला राहतो, त्याच्या खुणाही राहतात. अक्वायनसने व्रण राहण्याची कारणं दिली आहेत, त्यातली काही मला ओढूनताणून आणलेली वाटतात, पण मूळ दिशा पक्की आहे. ख्रिस्ती विचारातलं देवाचं सामर्थ्य झालेलं दुःख रद्द करत नाही.

आता सगळ्यात कडक आक्षेप. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ साली चमत्कारांवर एक प्रकरण छापलं. त्यात तो येशूचं नाव न घेता एक काल्पनिक प्रसंग रचतो. समजा सगळे इतिहासकार एकमुखाने सांगतात की राणी एलिझाबेथ १ जानेवारी १६०० रोजी वारली, वैद्यांनी आणि दरबाराने तिला पाहिलं, वारसाच्या नावाची द्वाही फिरली, आणि महिनाभर पुरलेली असताना ती परत आली, गादीवर बसली आणि तिने आणखी तीन वर्षं राज्य केलं. ह्यूम म्हणतो, इतके योगायोग जुळलेले पाहून मला नवल वाटेल, पण विश्वास तसूभरही बसणार नाही. आणि पुढे तो तुमच्या मित्राच्या वाक्याचाच समाचार घेतो: चमत्कार करणारा सर्वशक्तिमान आहे म्हणून तो चमत्कार जास्त संभाव्य ठरत नाही, कारण असा देव काय करतो हे आपल्याला निसर्गातल्या अनुभवावरूनच कळणार, आणि त्या अनुभवात मेलेले उठत नाहीत.

हा घाव वर्मी बसतो. नुसत्या सामर्थ्याच्या आधारावर उभं राहणाऱ्याला याचं उत्तर देता येत नाही, असं माझं मत आहे. उत्तर निघतं ते दुसऱ्या बाजूने. एलिझाबेथच्या गोष्टीला मागचा-पुढचा काहीच संदर्भ नाही, ती उठली तर का उठली याला अर्थ नाही. येशूबद्दलचा दावा अब्राहाम, मक्काबी, संदेष्टे अशा लांब कथेच्या आत येतो, आणि तिथंही अनपेक्षित आकारात येतो. मार्था लाजरबद्दल म्हणते ना, शेवटल्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे. ज्यूंची अपेक्षा ही होती: सगळे, एकदम, शेवटी. इतिहास चालू असताना मधेच एकटा माणूस उठेल असं कुणी धरून चाललं नव्हतं. इंग्रज अभ्यासक एन. टी. राइट यांनी २००३च्या जाडजूड ग्रंथात यावरच भर दिलाय. त्याच वर्षी तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न यांनी संभाव्यतेचं गणित मांडून आकडा ९७ टक्क्यांवर नेला. गणित बरोबर असेलही, पण सुरुवातीला धरलेले आकडेच वादाचे असल्याने मला त्याचा काही उपयोग वाटत नाही. याहून मला पिंखास लापिडे महत्त्वाचे वाटतात. ते धर्मनिष्ठ ज्यू अभ्यासक. १९७७ साली त्यांनी लिहिलं की देवाने येशूला खरंच उठवलं असं मी मानतो, पण तो मसीहा, म्हणजे ज्यू ज्याची वाट पाहतात तो तारणारा, होता असं मानत नाही. ते शेवटपर्यंत ज्यूच राहिले. म्हणजे चमत्कार मान्य केला तरी ख्रिस्ती श्रद्धा आपोआप मागून येत नाही.

उरला तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आणि तो काही पुस्तकी नाही. इसवी सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्यों इथं ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली. तिथल्या मंडळीने आशिया प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मंडळ्यांना लिहिलेलं पत्र युसेबियस या चर्चच्या इतिहासकाराने आपल्या इतिहासात उतरवून घेतलंय. मारलेल्यांचे देह सहा दिवस उघड्यावर टाकले होते, पहारा ठेवून. कुणी पुरू नये म्हणून. मग ते जाळले आणि राख शेजारून वाहणाऱ्या ऱ्होन नदीत लोटली. मारणाऱ्यांचं बोलणंही पत्रात आहे: आता पाहू हे उठतात का, आणि यांचा देव यांना आमच्या हातून सोडवू शकतो का. तुमचा प्रश्न त्या नदीकाठी अक्षरशः करून पाहिला गेला.

नंतरच्या काळात हा प्रश्न नरभक्षकाच्या रूपाने शिल्लक राहिला: एकाचं मांस दुसऱ्याने खाल्लं, ते त्याच्या अंगी लागलं, तर उठताना ते कुणाचं? प्राचीन चर्चचा मोठा विचारवंत ऑगस्टीन म्हणतो, ज्याचं आधी होतं त्याचं, आणि उपासमारीत ज्याने ते खाल्लं त्याचं आधीच झडून हवेत विरलेलं मांस देव त्याला परत देईल. हे मला हिशेबनिसाचं उत्तर वाटतं. अक्वायनस जास्त खोल जातो. तो म्हणतो, जिवंतपणीही आपल्या शरीरातलं द्रव्य कुठे टिकून असतं? ते येत-जात राहतं. आगीत लाकडं टाकत राहिलं तरी आग तीच म्हणतो तसं. मग उठताना कण अन् कण तोच हवा असा हट्ट कशाला? आणि त्याचं एक बारीक विधान आहे: पुनरुत्थान घडवणारी शक्ती निसर्गाबाहेरची आहे, पण जे घडतं, म्हणजे आत्म्याला त्याचं शरीर मिळणं, ते माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे.

१६७५ साली रॉबर्ट बॉइल, तोच तो वायूच्या दाबाचा नियमवाला, याच विषयावर रसायनशास्त्रज्ञ म्हणून लिहून गेला. तीव्र गंधकाम्लात कापूर विरघळवला की त्याचा रंग, वास, घट्टपणा सगळं जातं. त्यात पाणी ओतलं की कापूर पुन्हा हजर, वासासकट. द्रव्य ओळखू न येण्याइतकं बदललं म्हणजे ते संपलं असं नाही, एवढंच त्याला दाखवायचं होतं. पुनरुत्थान रसायनाने होतं असं तो म्हणत नाही. आजच्या काळात पीटर व्हॅन इनवागेन यांनी १९७८ साली सुचवलं की मरणाच्या क्षणी देव खरं शरीर काढून जपून ठेवत असेल आणि जागी हुबेहूब दिसणारं दुसरं ठेवत असेल. हे तर्काला चालतं, पण असा देव हातचलाखी करणारा वाटतो. याच्यापेक्षा मला अक्वायनसची आग पुष्कळ बरी वाटते.

आणि जाळण्याचं म्हणाल तर रोमन कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला परवानगी दिली आहे. २०१६च्या सूचनापत्रात स्पष्ट म्हटलंय की दहनामुळे मृताच्या आत्म्याला बाधा येत नाही आणि देवाला आपल्या सर्वशक्तिमत्तेने देह उठवायला अडचणही येत नाही. तुमच्या मित्राचं वाक्य इथं अगदी जागेवर आहे, कारण इथला प्रश्न 'झालं का?' असा नसून 'कसं होईल?' असा आहे. त्याच पत्रात राख हवेत, जमिनीवर किंवा पाण्यात विसर्जित करायला मात्र मनाई आहे, ती निसर्गालाच देव मानणं किंवा मरणानंतर काहीच उरत नाही असं मानणं, अशा विचारांचा आभासही होऊ नये म्हणून. मुंबईत तर जागेअभावी काही वर्षांनी त्याच कबरीत दुसरं दफन होतं आणि आधीच्या अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. मित्राशी पुढच्या वेळी बोलाल तेव्हा ल्योंच्या पत्रापासून सुरुवात करा, 'देवाला अशक्य काय' पासून नको. आणि तोवर जमल्यास दोघांनी तो पंधरावा अध्याय एका बैठकीत वाचून काढा, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.